उचल देताना टोळीच्या हाती रक्त थांबवण्याचे सामानही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा जवळ आला की आमच्या धारूर, केज, वडवणी भागात मुकादमांची, म्हणजे उचल (आगाऊ पैसे) देऊन ऊसतोड मजुरांच्या टोळ्या नेणाऱ्यांची, धावपळ सुरू होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पीठमीठ, भांडी, पाण्याचे ड्रम, कोपीचे (राहायच्या झोपडीचे) बांबू, शेळ्या, लेकरे असा सगळा संसार चढतो. त्यात औषधांची म्हणून जी पिशवी असते तिच्यात डोकेदुखीच्या गोळ्या, बाम आणि फार तर चार चिकटपट्ट्या निघतात. कोयत्याचा घाव खोल बसला तर यातले काहीही कामाला येत नाही. आरोग्यसेविका म्हणून नोकरीची सगळी वर्षे मी याच भागात काढली. यंदा टोळ्या निघण्याआधी हे छापून यावे अशी कळकळीची विनंती आहे.

ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. डाव्या मुठीत ऊस, डावा पाय पुढे आणि वाकून घाव. पहाटेच्या दवाने पाचट ओले असते, हात बधिर झालेले असतात. कोयता निसटला की डाव्या हाताच्या मनगटावर किंवा नडगीवर बसतो. रात्री अंधारात गाडी भरताना होणारे अपघात वेगळेच. गावी राहिलेल्यांनाही हा धोका चुकलेला नाही. कडबाकुट्टी आणि सोयाबीनचे मळणीयंत्र यांनी हात गमावलेली माणसे आपल्याकडे गावोगाव आहेत.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. मांडीची किंवा दंडाची मोठी धमनी तुटली तर पाच मिनिटांतही जीव जाऊ शकतो. १०८ ची गाडी कितीही तत्पर असली तरी फडात, म्हणजे तोडणी चालू असलेल्या उसात, ती पाच मिनिटांत पोचत नाही. ही पहिली मिनिटे शेजारी काम करणाऱ्याच्याच हातात असतात.

आणि तिथे काय घडते, ते मी आरोग्य केंद्रात आलेल्या जखमींवरून सांगू शकते. जखमेत हळद, चुना, तंबाखू कोंबलेली असते. वर पंचा गुंडाळलेला, त्यावर टॉवेल, त्यावर साडीचा तुकडा, आणि या सगळ्यातून रक्त पाझरतच असते, कारण कापडे भरपूर असली तरी नेमक्या जागी दाब कुणीच दिलेला नसतो. त्यात दर दोन मिनिटांनी कुणीतरी कापड उचलून “थांबलं का?” म्हणून बघतो आणि नुकती धरू लागलेली गुठळी कापडाबरोबर निघून येते. म्हणून माझे पहिले सांगणे हेच, की जखमीला कडक जमिनीवर आडवे करा, कापड जखमेवर ठेवा, दोन्ही तळहात त्यावर रोवून कोपरे ताठ ठेवा आणि अंगाचा भार टाका. निदान दहा मिनिटे कापड उचलून बघायचे नाही. रक्त वर आले तर त्याच कापडावर दुसरे ठेवून आणखी जोर लावायचा. कापड स्वच्छ असले तर उत्तम, नसले तरी थांबू नका. जंतुसंसर्गावर आणि धनुर्वातावर दवाखान्यात इलाज होतो, वाहून गेलेल्या रक्ताला उशीर झाला तर नाही.

आता पिशवीत काय असावे. माझ्या मते पहिले पैसे गॉजवर (जखमेच्या जाळीदार कापडावर) घालावेत, आणि तोही भरपूर, कारण खोल जखमेत एक रोल कुठल्या कुठे जातो. जांघ, काख अशा ठिकाणी पट्टा आवळता येत नाही. तिथे गॉज बोटाने थेट जखमेच्या तळाशी, जिथून रक्त येते तिथे, थरावर थर ठासून भरायचा आणि वरून दाबून धरायचे. छातीच्या किंवा पोटाच्या जखमेत मात्र असे काही कोंबायचे नाही. कापूस टाळावा, त्याचे तंतू जखमेला चिकटून बसतात. दाब टिकवायला पंधरा सेंटिमीटर रुंदीची दोन-तीन क्रेप बँडेजे, कपडे झटकन कापायला बोथट टोकाची जाड कात्री, मदत करणाऱ्यासाठी हातमोजे, न पुसणारे पेन, रात्रीसाठी बॅटरी आणि एक जाड चादर. चादर विसरू नये. रक्त गेलेले माणूस गार पडते आणि गार पडलेल्याचे रक्त लवकर गोठत नाही.

टूर्निकेट, म्हणजे दांडी पिळून आवळायचा रुंद पट्टा, याबद्दल जरा सविस्तर लिहिते. औषधाच्या दुकानात हा शब्द उच्चारला की बहुधा रक्त तपासणीच्या वेळी दंडाला बांधतात तो लवचीक पट्टा हातावर ठेवतात. त्याने धमनी थांबत नाही. ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळणाऱ्या नकली पट्ट्यांची दांडी ऐन वेळी वाकते किंवा मोडते. खरा पट्टा परवडत नसेल तर त्रिकोणी पट्टीची चार बोटे रुंद घडी आणि वीतभर लांबीची मजबूत काठी पिशवीत ठेवावी, आणि ती बांधण्याचा सराव आधी करावा. सुतळी किंवा तार कधीही वापरू नये. ती मांसात रुतते, शिवाय अर्धवट आवळली तर वरच्या शिरा दबतात, आतली धमनी वाहतच राहते आणि रक्तस्राव उलट वाढतो.

पट्टा फक्त हाताला किंवा पायाला, जखमेच्या तीन-चार बोटे वर, गुडघा-कोपराचा सांधा सोडून बांधायचा. रक्त पूर्ण थांबेपर्यंत पिळायचा. जखमी कळवळेल, त्याच्या कळवळण्याने पट्टा सैल करायचा नाही. बांधल्याची वेळ पेनाने त्याच्या कपाळावर किंवा पट्ट्यावर लिहायची आणि पुढे तो डॉक्टरांनीच सोडायचा. पट्ट्याने पाय जातो, ही भीती लोकांच्या मनात घट्ट बसली आहे. साधारण दोन तासांपर्यंत तसा धोका फारसा नसतो, तेवढ्यात मोठे रुग्णालय गाठायचे.

बोट तुटून वेगळे झाले असेल तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात टाकू नये.

पिशवीत एक कागद हवाच, त्यावर सध्याचा फड कोणत्या गावाच्या शिवारात आहे, कोणत्या रस्त्याने आत यायचे आणि शेतमालकाचा नंबर काय, हे लिहिलेले असावे. फड बदलला की कागद बदलायचा. परमुलखात, त्यातही कर्नाटकात, आपण नेमके कुठे आहोत हे आपल्या माणसाला फोनवर सांगता येत नाही आणि तिथेच वेळ जातो. पिशवी मुकादमाच्या कुलूपबंद पेटीत नको, कोपीतही नको. जिथे कोयता चालतो तिथे, सर्वांना दिसेल अशी टांगलेली हवी.

२०२५ मध्ये नवी कामगार संहिता येईपर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ४५ नुसार कारखान्यात दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी सक्तीची होती. ज्याच्या उसावर तो कारखाना चालतो तो तोडणी कामगार मात्र फाटकाबाहेर राहतो, म्हणून पेटीच्याही बाहेर राहतो. हे मला अजिबात पटत नाही. कारखान्यांनी तोडणी-वाहतुकीचा करार करतानाच प्रत्येक टोळीला अशी पिशवी द्यावी. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने ओळखपत्राबरोबर ती देण्याचा विचार करावा. टोळीतल्या निदान दोघांना, त्यात एक बाई असावी, निघण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात एक दुपार शिकवावे. दाब देणे आणि पट्टा बांधणे शिकायला तेवढा वेळ पुरतो.

रस्त्यावरच्या अपघातात मदत करताना पोलिसांच्या भीतीने मागे सरणाऱ्यांसाठीही एक सांगते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४-अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देते, त्याला नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. उसाच्या ट्रॉलीला धडकलेला दुचाकीस्वार दिसला तर निर्धास्तपणे उतरा आणि हात जखमेवर ठेवा.

पिशवीतल्या सामानाची ही यादी आपण दसऱ्याच्या आधीच्या एखाद्या अंकात चौकट करून छापावी. कात्रणाच्या प्रती काढून धारूरच्या मुकादमांपर्यंत पोचवण्याचे काम मी आणि माझ्या सेवानिवृत्त मैत्रिणी करू.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
ता. धारूर, जि. बीड