काकू नाटक करत नाहीत

कोल्हापूर
रविवार

प्रिय संज्या,

तुझा मेसेज वाचला. "आई नाटक करते. तू समोर बसलास की सगळं ऐकू येतं, मी फोन केला की नुसतं काय, काय!" मर्दा, दोन्ही खरं आहे, पण नाटक नाही.

काल मंगळवार पेठेत तुमच्याकडं गेलो होतो. काकूंची रव्याच्या लाडवांची गडबड चाललेली. माझ्याकडं पाठ, शेजारी मिक्सर घरघरतोय. मागनंच विचारलं, "पाक झाला का?" तर म्हणाल्या, "ताक? आत्ताच घुसळलंय, देते की." मग समोर जाऊन तेवढ्याच आवाजात तेच विचारलं. लगेच उत्तर, "व्हायचाय, अजून एकतारी कुठं झालाय?" मिक्सर तसाच चालू. फरक एवढाच, की 'प' म्हणताना मिटलेले माझे ओठ त्यांना दिसले.

वय झालं की आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, फ, त, क ओळखू येतात ते त्यांच्यावरच. साध्या फोनवर त्या वरच्या पट्ट्या आणखी कापल्या जातात. उरलेली भर डोळे घालतात आणि माणसाला पत्ताही नसतो. काकूंना विचारलं, तर म्हणे, "मी कुठं कुणाच्या तोंडाकडं बघते?"

आणि हे म्हाताऱ्यांचंच आहे असंही नाही. मॅक्गर्क आणि मॅकडोनल्ड या दोघांनी १९७६ साली इंग्लंडात एक प्रयोग छापला. चेहरा 'ग' म्हणणाऱ्या बाईचा, त्यावर आवाज चढवला 'ब'चा. बहुतेक मोठ्या माणसांना ऐकू आलं 'द'! ओठ मिटल्याशिवाय 'ब' निघत नाही आणि समोर तर ओठ उघडे. मग मेंदू परस्पर तडजोड करून टाकतो. युट्यूबवर असले व्हिडिओ आहेत, बघच. सगळं माहीत असून मला 'द'च ऐकू येतं, डोळे मिटले की 'ब'. आपलं काय घे, १९३२ला प्रभातनं इथं 'अयोध्येचा राजा' हा बोलपट केला, तेव्हापासून कोल्हापूरकर स्पीकरातला आवाज नटाच्या तोंडातनंच ऐकतायत.

तेव्हा व्हिडिओ कॉल कर. खिडकीकडं पाठ करून बसू नकोस, तोंड काळं दिसतं. नेट रडत असेल, ओठ आणि आवाज मागंपुढं होत असतील, तर बंद कर. उलट गोंधळ वाढतो. ओरडू तर नकोसच. आणि ती मिशी वरच्या ओठावरनं जरा छाट. नाद खुळा आहे, मान्य, पण त्या झुपक्यात प, ब, म सगळे गडप होतात.

कानाच्या डॉक्टरांकडं मी नेतो, तपासणी झालीच पाहिजे. "मशीन नको" हे पालुपद आत्तापासनंच सुरू आहे. ते पटवायचं काम तुझं, समोर बसून.

लाडू उद्याच्या गाडीनं पाठवतोय.

तुझा,
बाळ्या