एसीची थंड हवा आणि खेळती हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगलीत विश्रामबागेपासून कॉलेज कॉर्नरपर्यंत गेल्या काही वर्षांत स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी बऱ्याच अभ्यासिका निघाल्या असून, त्यांच्या पाट्यांवर ‘एसी, वायफाय, आरओ पाणी’ ही त्रयी ठरलेली असते. पाण्याची शुद्धता पाटीवर लिहिण्याइतकी महत्त्वाची मानणाऱ्या या जागांमध्ये मुले दिवसाचे दहा-बारा तास जी हवा घेतात, तिची चौकशी मात्र मालकही करत नाहीत आणि पालकही.

माझी पुतणी अशाच एका अभ्यासिकेत सकाळी सातला जाते. अकरा वाजले की डोके जड होते, डोळे चुरचुरतात आणि वाचलेले पान पुन्हा वाचावे लागते, अशी तिची तक्रार होती. आम्ही आधी चष्म्याचा नंबर तपासून घेतला, मग हिमोग्लोबिन. दोन्ही ठीक निघाले. रविवारी घरी बसून अभ्यास केला की यातले काहीच होत नाही, हे लक्षात आल्यावर मी स्वतः ती खोली पाहून आलो. रस्त्याकडच्या खिडक्यांवर आतून फ्लेक्स ठोकलेला, वरचे व्हेंटिलेटर थर्माकोलने बुजवलेले, दार आपोआप मिटणारे आणि भिंतीवर दोन स्प्लिट एसी. खेळत्या हवेचे काय, असे विचारल्यावर तिथल्या व्यवस्थापकांनी सांगितले, ‘सर, बाहेर युनिट बसवलंय ना, तिथून फ्रेश हवा येते की.’

हा गैरसमज मी सुशिक्षित घरांतही ऐकला आहे. स्प्लिट एसीच्या आतल्या आणि बाहेरच्या भागांना जोडणाऱ्या तांब्याच्या दोन नळ्यांतून शीतक वायू फिरतो. त्यांच्यासोबत विजेची तार असते आणि पाणी काढून देणारा पाइप असतो. हवा जाण्यायेण्याची वाट यात कुठेच नाही. खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड कॉइलवरून फिरवली जाते आणि बाहेरचे युनिट फक्त आतली उष्णता रस्त्यावर टाकते. जाळीचा फिल्टर धागे आणि जाड धूळ अडवतो; श्वासातून निघालेला कार्बन डायऑक्साइड त्यातून सहज पार होतो. जुन्या खिडकी एसीला हवेची एक छोटी झडप तरी असे, पण तीही बहुतेक घरांत कायम बंदच राहिली.

विज्ञान शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे मी घरी येऊन हिशेब मांडला. तीस फूट लांब, वीस फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत साधारण 170 घनमीटर हवा मावते. बसून वाचणारा माणूस तासाला अंदाजे 18 लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो, म्हणजे पन्नास विद्यार्थी मिळून 900 लिटर. खोली पूर्ण बंद धरली, तर एका तासात या वायूचे प्रमाण दर दहा लाख भागांत पाच हजारांहून अधिक भागांनी वाढेल. बाहेरच्या हवेत ते 420 च्या आसपास असते. म्यूनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी 1858 मध्येच खोलीतल्या हवेसाठी 1000 ही मर्यादा सुचवली होती; आपल्या खोलीत ती दहा मिनिटांच्या आत ओलांडली जाईल. प्रत्यक्षात दार उघडते, फटींतून हवा येते, त्यामुळे आकडे इतके टोकाला जात नाहीत, हे मान्य. शिवाय या पातळीला हा वायू विषारी नसतो. पेटेनकोफर यांनीही त्याच्याकडे खूण म्हणूनच पाहिले होते, कारण तो वाढला याचा अर्थ इतरांच्या श्वासातून बाहेर पडलेले बाकीचे सारेही तिथेच साचले आहे.

त्या बाकीच्यात रोगजंतूही येतात. 24 जानेवारी 2020 रोजी चीनमधील ग्वांगझू येथील एका रेस्टॉरंटमध्ये शेजारशेजारच्या टेबलांवर जेवलेल्या तीन कुटुंबांतील दहा जणांना कोरोनाची लागण झाल्याचे पुढे आढळले. त्या कोपऱ्यात एसीचा झोत तीच हवा टेबलांवरून फिरवत होता आणि ताजी हवा येत नव्हती. आपल्याकडे तर जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण आहेत आणि क्षय हवेतूनच पसरतो. विश्रामबागेला लागून असलेल्या वानलेसवाडीची ओळखच मुळी क्षयरोग्यांच्या आरोग्यधामामुळे झाली. क्षयावर औषध सापडण्यापूर्वी अशा आरोग्यधामांत मोकळी हवा, ऊन आणि विश्रांती यांवरच सारी भिस्त असे. तिथून हाकेच्या अंतरावर आज आपण धडधाकट मुलांना खिडक्या बुजवून बसवतो, याची गंमत वाटावी की खेद, हे मला ठरवता येत नाही.

एसी स्वच्छ नसेल तर त्रासात भर पडते. कॉइल सतत ओली असते, तिच्यावर धूळ बसली की बुरशीला आयते घर मिळते, आणि ड्रेन पाइप तुंबला तर पाणी आतच साचते. एसी सुरू करताच येणारा कुबट वास हे त्याचे लक्षण. तो रूम फ्रेशनरने झाकण्यापेक्षा जाळी दर पंधरवड्याला धुणे आणि हंगामापूर्वी कॉइल साफ करून घेणे बरे. आपल्याकडे 2019 आणि 2021 च्या महापुरात पाणी शिरलेल्या तळमजल्यांवरही अशा खोल्या आहेत. ज्या भिंतीत ओल मुरलेली आहे, तिच्यावर नुसता रंग फिरवून खोली बंद करणे म्हणजे बुरशी आत कोंडणे. आणखी एक गोष्ट घरोघरची: एसी लावून, दारे-खिडक्या बंद करून आत डासांची कॉइल पेटवणे. तो धूर रात्रभर आपणच पितो.

वॉटर कूलरचे गणित उलटे आहे. तो बाहेरची हवा आत ढकलतो, म्हणून समोरची खिडकी उघडी ठेवावीच लागते. मात्र त्याची टाकी आठवड्याला कोरडी केली नाही, तर डेंग्यूच्या डासांची पैदास होते. थंडीत न्हाणीघराची झडप बंद करून गॅस गीझर चालवणे, किंवा महाबळेश्वर-पाचगणीच्या मुक्कामात कोळशाची शेगडी खोलीत घेऊन झोपणे, हे तर थेट जिवावर बेतणारे आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो.

अभ्यासिका चालवणाऱ्यांची अडचण मी समजू शकतो. वरच्या हिशेबाप्रमाणे कार्बन डायऑक्साइड 1000 च्या आत ठेवायचा, तर दर विद्यार्थ्यामागे सेकंदाला आठ-नऊ लिटर बाहेरची हवा हवी. मे महिन्यात दुपारी चाळीस अंशांची तेवढी हवा सव्वीस अंशांवर आणायला जवळजवळ दोन टनांचा जादा एसी लागेल आणि त्याचे बिल शुल्कात उतरेल. पण सांगलीत वर्षभर मे महिन्याची दुपार नसते. सकाळ, संध्याकाळ आणि निम्म्याहून अधिक महिने बाहेरची हवा सुसह्य असते. तेव्हा एका भिंतीला पुरेशा क्षमतेचे एक्झॉस्ट पंखे, समोरच्या भिंतीला जाळी लावलेले उघडे झरोके आणि दर दोन तासांनी दहा मिनिटे दारे-खिडक्या सताड उघडणे, एवढ्याने मोठा फरक पडेल.

राष्ट्रीय इमारत संहिता 2016 मध्ये वातानुकूलन आणि यांत्रिक वायुवीजन यांच्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. महापालिकेने अग्निसुरक्षेबरोबर अभ्यासिका, शिकवणी वर्ग आणि दवाखान्यांच्या प्रतीक्षा खोल्या यांतील वायुवीजनही तपासावे, आणि अशा जागी कार्बन डायऑक्साइड दाखवणारा मीटर सर्वांना दिसेल असा लावणे बंधनकारक करावे, अशी माझी विनंती आहे.

पुतणीने तूर्त दाराजवळची जागा मागून घेतली आहे. त्या रांगेचे शुल्क थोडे कमी आहे, कारण दार सारखे उघडते आणि एसीचा गारवा तिथे टिकत नाही.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
विश्रामबाग, सांगली