काचवाले मामा, तुमची काच कापायची हिरकणी आमच्याकडे राहिलीय

मामा, नमस्कार.

पत्र मराठीत लिहितेय. नातीकडून वाचून घ्या. तुमचं मराठी आमच्या कानडीपेक्षा कितीतरी बरं, पण अक्षरांशी जमत नाही, असं तुम्हीच म्हणाला होता.

खडेबाजारातलं आमचं दुकान म्हणजे आजोबांच्या भाषेत 'डिपार्टमेंटल स्टोअर'. खाली कापड, माळ्यावर भांडी, मागे वह्या-पेनं. सगळं बदललं, दारावरची रंगीत तावदानांची कमान तेवढी राहिली, तीही पोट सुटल्यासारखी पुढे आलेली. काच नव्हे, शिशाच्या पट्ट्या थकल्यात, हे तुम्ही हात लावताच ओळखलं. त्याआधी तिघे येऊन गेले होते. एकानं फटींत सिलिकॉन भरलं, दुसरा ॲडव्हान्स घेऊन गेला तो गेलाच. तिसरा म्हणाला, साधी काच बसवून वर रंगीत स्टिकर लावू, खालून कुणाला कळतंय? बाबांना कळतं की! काच वितळतानाच कोबाल्ट मुरून निळी झालेली असते, तिच्यातून ऊन आलं की कापडाचा तागासुद्धा वेगळा दिसतो.

कामाचं फार लिहीत नाही. कमान नेलीत, आणलीत, मधे पुट्टी वाळायला दिवस गेले.

पण बसवायच्या दिवशी शिडी लावलेली, दोन पोरं वर चढायच्या तयारीत, आणि तुम्ही म्हणालात, "थांबा रे." बाबांची मान वर होत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. कापड फाडायच्या टेबलावर गोधडी अंथरलीत, तिच्यावर कमान आडवी ठेवलीत आणि बाबांचा हात धरून म्हणालात, "मालक, आत्ताच हात लावा. वर गेल्यावर पोचायचा नाही."

बाबांचं बोट शिशाच्या रेषेवरून हळूहळू फिरलं आणि खालच्या कोपऱ्यातल्या बेंगरूळ हिरव्या तुकड्याशी थांबलं. "हा माझा!" लहानपणी त्यांच्या चेंडूनं फुटलेली ती काच. आजोबांनी मुद्दाम भलतीच बसवली होती, जन्मभर आठवण राहावी म्हणून. तुमच्या पिशवीत जुळणारी लाल काच होती, मी बघितली होती. तरी तो तुकडा तुम्ही काढला नाहीत.

अर्धा तास शिडी रिकामी उभी. पोरांची मजुरी तुमच्याच खिशातून.

त्या रात्री भाच्यानं बाबांना मोबाईलवर पॅरिसच्या गॅलरी लाफायेत या डिपार्टमेंटल स्टोअरचा 1912 चा काचेचा घुमट दाखवला. मग शिकागोच्या एकेकाळच्या मार्शल फील्ड दुकानातलं, काच-कलाकार टिफनीचं 1907 चं छत, काचेचे सोळा लाख तुकडे! बाबा म्हणाले, "आपले चौसष्ट. पण त्यातला एक मी फोडलेला." दुसऱ्या दिवशी तुम्हाला हे सांगितलं, तर तुम्ही विचारलंत, "एवढं पुसतात कसं हो?" त्याचं उत्तर भाच्याकडेही नव्हतं.

नीट वागायला माणसाला किती थोडं लागतं, मामा. एक गोधडी! आणि तेवढीही सुचू नये अशी माणसं मोठ्या पाट्या लावून बसलीत.

तुमची हिरकणी आमच्या गल्ल्यात राहिलीय. बाबा रोज विचारतात, आले का न्यायला? सकाळी दहाला या. तेव्हा ऊन कमानीतून थेट त्यांच्या चोपडीवर येतं, आणि कोपऱ्यात तो हिरवा डागही पडतो.