टाक्यांच्या पलीकडचे

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

दर रविवारी फोनवर तुम्ही विचारता, "टाके दुखत नाहीत ना?" आणि मी नाही म्हणते. ते खरेच आहे, पोटावरचे छेद केव्हाच भरून आले. पण त्या प्रश्नापलीकडचे बरेच काही गेले पाच महिने सांगायचे राहिले आहे आणि ते फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहीत आहे.

दादाला मूत्रपिंड दिल्याचा मला पश्चात्ताप नाही. हे आधीच लिहिते, कारण मी उदास आहे म्हटले की तुम्ही त्याचा अर्थ तसाच लावाल, अशी मला भीती वाटते.

दादा आजारी अवस्थेत आत गेला आणि सुधारत बाहेर आला. मी धडधाकट आत गेले आणि आजारी होऊन बाहेर आले. त्याआधीचे कित्येक महिने रक्ताची जुळणी, तपासण्या, तारखा यांत गेले, प्रत्येक दिवस कशासाठी तरी होता, आणि एका सकाळी ते सारे संपले. दादाचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कसे काम करते हे सांगणारा रक्तातला आकडा, किती उतरले हे घरात प्रत्येकाला तोंडपाठ होते, आणि तसे असणे योग्यच होते. मला मात्र तिसऱ्या आठवड्यात जिना चढून आल्यावर पायरीवर बसून रडू यायचे आणि त्याचे कारण कुणाला सांगावे, हे कळत नसे. बहुतेक दात्यांचे मन काही काळाने पूर्वपदावर येते, पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा देऊ असेही बहुतेक जण सांगतात. परंतु ज्यांना पूर्वी नैराश्य येऊन गेले आहे, ज्यांचा थकवा लांबतो, ज्यांची कमाई थांबते किंवा ज्यांनी दिलेला अवयव पुढे निकामी होतो, त्यांना अधिक जपावे लागते.

आई, यातले पहिले कारण मला लागू आहे, हे तू जाणतेस. शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी मी औषधे घेत होते, ते शस्त्रक्रियेआधी मला तपासणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांना सांगू नकोस, ते नकार देतील, असे तू तेव्हा म्हणाली होतीस. मी सांगितले आणि त्यांनी नकार दिला नाही. उलट तुम्हा सर्वांना बाहेर बसवून त्यांनी मला विचारले की घरून दडपण आहे का, आणि शेवटच्या क्षणीही मागे फिरायचे असेल तर खरे कारण कुणालाही न सांगता वैद्यकीय कारण पुढे करता येईल, असे सांगितले. ते दार उघडे होते म्हणूनच माझा होकार माझा राहिला. तू दोन्ही लेकरांच्या भीतीने बोललीस, हे मला समजते आणि माझ्या मनात राग नाही. मात्र आता मी पुन्हा समुपदेशकांकडे जाते, हे तुझ्यापासून लपवायचे नाही.

बाबा, एका मूत्रपिंडावर मी कशी जगेन ही तुमची काळजी रात्री कंबर दुखली की माझीही होते. उरलेले मूत्रपिंड आकाराने वाढून जास्तीचे काम उचलते आणि पूर्वी दोन्ही मूत्रपिंडे मिळून करत त्या कामाच्या सुमारे ७० टक्क्यांपर्यंत पोचते. त्यामुळे माझे क्रिएटिनिन पूर्वीपेक्षा थोडे जास्त राहील, तेवढ्यावरून मी आजारी ठरत नाही.

मला रोनाल्ड हेरिक यांची आठवण वारंवार होते. १९५४ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी त्यांचे मूत्रपिंड त्यांच्या जुळ्या भावाला बसवले आणि ते यशस्वी ठरलेले पहिले मूत्रपिंड प्रत्यारोपण मानले जाते. भाऊ १९६३ मध्ये गेला, रोनाल्ड २०१० पर्यंत जगले. मला त्या मधल्या ४७ वर्षांचा विचार छळतो. दादाला बसवलेले मूत्रपिंडही कायमचे नाही, कधीतरी ते थांबेल. त्या दिवशी कृपा करून मला असे म्हणू नका की माझे दिलेले वाया गेले, कारण तोवर तो जितके दिवस डायलिसिसशिवाय जगला असेल, तेवढ्यासाठीच मी ते दिले आहे.

दादा हल्ली माझ्याशी भांडत नाही. मी काहीही म्हटले तरी मान डोलावतो. उपकाराचे ओझे त्याच्यावर आहे आणि तुम्ही पाहुण्यांसमोर मला देवता म्हणता तेव्हा ते वाढते. देवतेला थकवा येत नाही, रडू येत नाही आणि धाकट्या बहिणीसारखे चिडताही येत नाही. मला माझे जुने स्थान परत हवे आहे, त्यालाही ते हवे असेल.

पुढच्या महिन्यात माझी सहा महिन्यांची तपासणी आहे. ती दादाच्या तपासणीला जोडून घेऊ नका. त्या दिवशी तुम्ही दोघे केवळ माझ्याबरोबर या आणि बाहेर बसलेले असताना टाक्यांखेरीज काहीही विचारा.

तुमची,
लेक