मोसंबीच्या सालीबद्दल

जालना, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

तब्येत बरी आहे, आईचा गुडघा तसाच. परवा भाच्याने पुण्यात एका छोट्या ब्रुअरीत नेलं, तेव्हापासून मनातल्या मनात तुझ्याशीच बोलतोय. घरात हे कुणाला सांगू?

बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर होती, विटबिअर म्हणतात. रंग दुधी, गढूळ. तू असतास तर ग्लास परत पाठवला असतास! पण तो गढूळपणा मोड न आणलेल्या गव्हाचा आणि यीस्टचा. आत कुटलेले धने आणि संत्र्याची साल. लवंग न घालता लवंगेचा वास येतो, तोही यीस्टमुळेच. बनवणारा पोरगा सांगत होता, हूगार्डन गावात ही बिअर 1957 साली बंद पडली होती. पियर सेलिस नावाच्या दूधवाल्याने 1966 मध्ये पुन्हा सुरू केली. ऐकून अंगावर काटा आला रे.

धने झकास उतरले होते, पण साल नागपुरी संत्र्याची. तिकडे कुरासाओ नावाच्या कडू संत्र्याची साल घालतात. ती कडवट धार इथे नव्हती, शेवटी नुसती गोडी उरत होती. मी म्हटलं, आमच्या मोसंबीची साल घालून बघा, हिरव्या फळाची. पोरगा खूश! म्हणाला, वाळवून पाठवा, गळीच्या फळाचीही चालेल, फक्त फवारलेली नको.

गळ, लेका! जी आपण बांधावर फेकतो.

आणि इथेच अडलोय. अण्णांच्या गळ्यात वारकऱ्याची माळ, दारू वर्ज्य. दुष्काळात, 2013 च्या उन्हाळ्यात, त्यांनी टँकरवर ही झाडं जगवली. तू तेव्हा म्हणालास, "तोडून टाक, सरपण तरी होईल," आणि दिवाळीपर्यंत आपण बोललो नाही. त्या भांडणात तू चुकलास, हे मी आजही म्हणेन. त्या झाडांच्या फळांची साल बिअरमध्ये घालायची तर अण्णांना विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही. विचारलं तर ते नाही म्हणायचे नाहीत. "बाग आता तुझी" म्हणतील, आणि बागेत यायचंच सोडतील. पैसे फार नाहीत यात. पण रसाच्या गाड्यापलीकडेही आपल्या फळाला जागा आहे, हे त्यांना कळावं असं फार वाटतं. उसाची मळीही शेवटी दारूलाच जाते, म्हणावं तर अण्णांनी ऊस कधी लावलाच नाही.

वहिनींची बदली झाली का? पोरीची बारावी कशी गेली? घराचं काम थांबलंय म्हणे, नंतर सविस्तर लिही.

अण्णा तुझं ऐकतात. शनिवारी ये. विषय मी काढतो, तू नुसता शेजारी बस. जमणार नसेल तर उद्याच कळव, पोरगा फोनची वाट बघतोय.

तुझाच