पाचटाचं मनाला लावून घेऊ नका

ति. आई आणि बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "वावर खरडून गेलं ते आपल्याच कर्मानं. पाचट जाळतो, बोअर चालवतो, ट्रॅक्टर फिरवतो." गावातल्या कार्यक्रमात कुणी साहेब म्हणे सांगून गेले की हवामान बिघडायला शेतकरीही तेवढाच जबाबदार आहे. तेव्हापासून तुमचं जेवणात लक्ष नाही, असं आई सांगते. फोनवर मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

पाचट जाळू नका, हे मीही म्हणेन. कुजवलं तर जमिनीलाच खत होतं. पण सप्टेंबर २०२५ मध्ये मांजरा नदीनं काठचं सोयाबीन मातीसकट नेलं, त्याचं पाप तुमच्या माथी नाही.

माझं काम तुम्हाला माहीतच आहे, चार्टर विमानांच्या, म्हणजे भाड्यानं घेतलेल्या खासगी विमानांच्या, फेऱ्यांच्या नोंदी ठेवायच्या. आठ-दहा जणांचं विमान आणि आत कधी कधी एकच माणूस. त्याला उतरवलं की विमान रिकामंच दुसऱ्या शहरात जातं, कारण पुढचं गिऱ्हाईक तिथं असतं, किंवा इथं उभं करायला जागा नसते. युरोपात तर अशा १०० फेऱ्यांतल्या सुमारे ४० रिकाम्या जातात, असा अंदाज आहे. आत ना माणूस ना सामान, आणि इंधन जळतंच.

२०२४ मध्ये एक मोठा अभ्यास आला. जगभरच्या खासगी विमानांनी २०२३ या एका वर्षात १ कोटी ५६ लाख टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला, २०१९ पेक्षा ४६ टक्के जास्त. जवळजवळ निम्म्या फेऱ्या ५०० किलोमीटरच्या आतल्या. आई, तेवढं अंतर आपण लातूरहून मुंबईला रात्रीच्या रेल्वेनं जातो! एका फेरीचा धूर सरासरी ३.६ टन. बाबा, हिशोब तुमच्या भाषेत सांगते: साधारण १,३०० लिटर डिझेल जाळल्यावर एवढा धूर होतो. आपला ट्रॅक्टर वर्षभरात तरी एवढं पितो का? सगळं धरून आपल्या देशातला माणूस वर्षाला सरासरी २ टनांच्या आसपास सोडतो, आणि सर्वांत जास्त उडणाऱ्या एका व्यक्तीचा २०२३ चा आकडा होता सुमारे २,४०० टन. बाराशे माणसांचं एकट्यानं. शिवाय उंचावर विमानामागे जे पांढरे पट्टे उमटतात, तेही उष्णता अडवून धरतात. ते या आकड्यांत नाहीत.

जगाच्या एकूण धुरात या विमानांचा वाटा थोडाच आहे, हे खरं. पूर त्यांनीच आणला असंही मी म्हणत नाही. पण हा वाटा अडीच लाखांच्या आसपास माणसांचा आहे, आणि त्यातला कितीतरी निव्वळ सोयीसाठी. फुटबॉलच्या २०२२ च्या विश्वचषकाला कतारमध्ये अशा विमानांच्या अठराशेवर फेऱ्या झाल्या. तुमचा बोअर पोटासाठी चालतो. दोन्ही एका तागडीत घालणाऱ्याचा मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

हवा एक अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त ओलावा धरते. म्हणून पाऊस येतो तो एकदम कोसळतो. २०१६ मध्ये आपल्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आणि आता त्याच मांजरेच्या पुरानं बांध राहिला नाही. कोरड असो की पूर, भोगतो तो ज्यानं कधी विमानाची पायरी चढली नाही तोच.

जून २०२५ मध्ये फ्रान्स, केनिया, स्पेन, बार्बाडोस अशा काही देशांनी खासगी विमानांवर आणि महागड्या तिकिटांवर कर लावण्यासाठी एकजूट केली. असा कर आपल्याकडेही बसावा आणि तो पैसा खरडलेल्या जमिनीत माती भरायला यावा, असं मला मनापासून वाटतं. पुढच्या ग्रामसभेत हे तुम्ही उठून बोला, बाबा. आकडे हवेत म्हणूनच एवढे लिहिलेत.

पंचनाम्याची प्रत तलाठ्याकडून मिळाली की फोटो काढून पाठवा. मातीचा खर्च किती येईल तेही विचारून ठेवा, निम्मा मी देते. आई, बाबांना दोन्ही वेळ जेवायला बसव.

तुमची,
धाकटी