कोकोचं काय झालं?

पुणे, रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही पुन्हा तोच विषय काढलात म्हणून हे पत्र. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला बोलायचं असतं बरंच, तेव्हा लिहिलेलं बरं. दिवाळीत आपण तिघांनी ‘बदलापूर’ बघितला, तो अजून तुमच्या डोक्यातून गेलेला नाही. “ज्यात एक माणूस धड नाही असला सिनेमा काढायचाच कशाला?” हा तुमचा प्रश्न. आईनं त्या रात्री वेगळंच विचारलं होतं. चकल्यांच्या डब्याला झाकण लावता लावता ती म्हणाली, “त्या कोकोचा काय दोष होता गं?” तुमचं लायक आणि रघूवर बोलणं चाललं होतं, त्यात आईचा प्रश्न तसाच राहून गेला. मला वाटतं, खरी मेख तिथंच आहे.

सुरुवात आठवा. पुण्यातला एक रस्ता. कॅमेरा जागचा हलत नाही. माणसं येतायत, गाड्या जातायत, कुणाकडं बघायचं तेच आपल्याला कळत नाही. मग बँकेतून दोघं पळत बाहेर येतात आणि एका बाईची गाडी तिच्यासकट, तिच्या लहानग्यासकट पळवतात. पोरगं गाडीतून खाली पडतं, बाईला गोळी लागते, दोघंही जातात. आई, तू तेव्हा पदर तोंडाशी नेलास. तिथून आपण तिघंही तिच्या नवऱ्याच्या, रघूच्या बाजूचे झालो, आणि माणूस असू तर होणारच. बायको गेली, लेकरू गेलं, समोर लायक नावाचा दरोडेखोर बसलाय आणि गोळी साथीदारानं झाडली म्हणून खोटं सांगतोय. त्या साथीदाराचं नावही सांगत नाही. लायकला वीस वर्षांची शिक्षा होते.

एवढ्यावर जुना सिनेमा झाला असता. श्रीराम राघवन यांनी (२०१५ च्या फेब्रुवारीत आलेला हा सिनेमा त्यांचा, एका इटालियन कादंबरीवर बेतलेला) तिथून पुढं आपलीच परीक्षा घ्यायला सुरुवात केली. रघू बदलापुरात जाऊन राहतो आणि वाट बघतो. पंधरा वर्षांनी लायकला कॅन्सर होतो, त्याच्या सुटकेला रघू संमती देतो, पण दयेपोटी नाही. त्याला साथीदारापर्यंत पोचायचं असतं. तो हरमन आता हॉटेल चालवतोय, संसारात रमलाय. त्याची बायको कोको. दरोड्याशी तिचा काडीचा संबंध नाही. रघू आधी नवऱ्याच्या पापाची किंमत तिच्या अब्रूतून वसूल करायला बघतो आणि शेवटी हातोड्यानं दोघांनाही मारतो. हरमनबरोबर तिलाही.

बाबा, तुम्ही म्हणालात, “बायको-पोर असं गेल्यावर माणूस वेडापिसा होणारच.” होईल. पण हे तुम्ही म्हणावं याचं मला नवल वाटलं, कारण नानावटी खटला मला तुम्हीच समजावून सांगितला होता. दहावीच्या सुट्टीत, गच्चीवर, लोडशेडिंग चालू असताना. नौदलातला कमांडर कावस नानावटी, २७ एप्रिल १९५९. बायकोच्या तोंडून तिचे प्रेम आहुजाशी संबंध असल्याचं ऐकल्यावर त्यानं तिला आणि मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं, मग आहुजाच्या घरी जाऊन त्याला गोळ्या घातल्या. ज्युरीनं ८ विरुद्ध १ मतांनी त्याला निर्दोष म्हटलं. लोकांना तर तो हिरोच वाटला. देखणा, गणवेशातला, फसवला गेलेला नवरा. पण १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जन्मठेप कायम केली. मधले तीनएक तास डोकं ताळ्यावर यायला पुरेसे होते, तेव्हा ‘गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभा’चा आधार घेता येणार नाही, असं म्हटलं. हे शब्द तुम्ही मला दोनदा म्हणून दाखवले होते. नानावटीचे तीन तास कोर्टाला पुष्कळ वाटले. रघूकडं पंधरा वर्षं होती.

सिनेमात लायकच त्याला हे ऐकवतो. माझं डोकं तापलेलं होतं, तुझं थंड होतं, मग तुझ्यात नि माझ्यात फरक काय राहिला, असा त्याचा रोख. ते ऐकताना तुम्ही मान हलवलीत, मी बघितलं. पण लायकलाही एवढ्यावर सोडू नये. हातात पिस्तूल घेऊन दरोड्याला निघालेल्या माणसाला ‘डोकं तापलं होतं’ हे म्हणायचा हक्कच नाही. तुमच्या वेळचं खुनाचं कलम ३०२ आता, १ जुलै २०२४ पासून, १०३ झालं असलं तरी खून तो खूनच. लायक काही अंशी खरं बोलतोय आणि ते खरं स्वतःला हलकं करून घ्यायला वापरतोय. मला तो इथंच सगळ्यात भीतीदायक वाटला. खोटं बोलणारा खलनायक आपण पुष्कळ बघितलेत. हा खरं बोलतो आणि तरी खलनायकच राहतो.

तुम्हाला आठवतं का, मी लहान असताना एकदा तुम्ही मला कोर्टात तुमच्या टेबलापाशी घेऊन गेला होता? आई आजीकडं गेली होती आणि मला ठेवायला कुणी नव्हतं. मुद्देमाल कोर्टासमोर आणायचा होता, तेव्हा शिपाईकाकांनी कापडात बांधलेली, लाखेचं सील लावलेली पुडकी आणून ठेवली. एक उघडलं तर आत हातोडा. दांड्याला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर केसचा नंबर, पंचांच्या सह्या. दांडा मधोमध हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला, खाली चिंधी गुंडाळलेली. मी विचारलं, हा गुंडाचा आहे का? तुम्ही म्हणालात, “नाही, सुताराचा. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या दाराची चौकट बसवायची होती त्याला.” आणि पुढचं कागदपत्र उघडलंत. दिवाळीत पडद्यावर हातोडा दिसला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं ती चिंधी आली. ज्याला आपण आयुष्यभर सुतार म्हणून ओळखतो, त्याच्याच हातून हे होतं.

आपल्या गावाला हे कळायला हवं, कारण उलटं कसं होतं तेही सोलापूरनं बघितलंय. १८७१ च्या कायद्यानं इंग्रज सरकारनं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या आणि पुढं आपल्याकडं त्यांची सेटलमेंट केली. तारेचं कुंपण, हजेरी, बाहेर जायचं तर परवानगी. आजोबा सांगायचे, गिरणीत त्यांच्या शेजारच्या मागावर सेटलमेंटमधला माणूस असायचा. सबंध पाळीत त्याच्याइतका सरळ माणूस नव्हता, पण डबा हरवला की पहिली नजर त्याच्यावर. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. नजर गेली का, हे तुम्ही मला सांगा. ‘बदलापूर’ बघतानाही आपण तेच करतो, म्हणून हे लिहिलं. लायक कळकट, लबाड, दात काढून हसणारा, म्हणून तो खलनायक. रघू देखणा, शिकलेला, जाहिरात कंपनीत काम केलेला, म्हणून त्याच्या हातून काही झालं तर आधी त्याचं दुःख मोजायचं. दिग्दर्शकानं ही आपली सवय नेमकी ओळखली आणि तिचाच सापळा लावला.

आता तुमच्या मुख्य तक्रारीकडं येते. सगळेच वाईट, मग बघायचं काय? बाबा, काळोख तुम्हाला नवा नाही. ‘सामना’ तुमचा किती आवडता. १९७५ चा, तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांचा. त्यातला साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील काय साधा खलनायक आहे? रस्त्यावर पडलेल्या दारुड्या मास्तरला तो घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, त्याचं ऐकून घेतो. निळूभाऊ फुल्यांच्या त्या डोळ्यांत माया दिसते की नाही यावर तुम्ही आणि देशमुखकाका तासन्‌तास वाद घालायचा. म्हणजे करडा माणूस तुम्हाला चालतो. नुसता चालत नाही, आवडतो.

मग ‘बदलापूर’ का झोंबला? मी आठवडाभर यावर विचार केला आणि मला एकच कारण सापडलं. ‘सामना’त एक माणूस प्रश्न विचारत राहतो. डॉ. लागूंचा तो मास्तर दारू पितो, हरलेला आहे, पण नाहीशा झालेल्या एका माणसाबद्दलचं ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हे तो सोडत नाही, आणि त्या एका प्रश्नानं साखरसम्राटाचं सिंहासन हलतं. पडद्यावर कितीही अंधार असला तरी त्या माणसाच्या आधारानं आपण तो सिनेमा बघतो. ‘बदलापूर’मध्ये असा माणूसच नाही. पोलीस अधिकाऱ्याला वास लागतो, पण तो सत्याचा भाव करायला निघतो. बाकी ज्याचा त्याचा हिशेब. कोकोचं काय झालं, हे विचारणारं त्या गोष्टीत कुणी उरत नाही. रक्ताचं म्हणाल तर त्याहून जास्त हल्ली रोजच्या मालिकांत असतं. जीव कासावीस होतो तो ह्या रिकाम्या जागेनं.

आणि ती जागा आपल्या घरात आईनं भरली.

लायकच्या शेवटाबद्दल मात्र माझं तुमच्याशी पटत नाही. तुम्ही म्हणालात, शेवटी तरी माणूस सुधारला. हरमनचा आणि कोकोचा खून आपणच केला असं सांगून तो पुन्हा तुरुंगात जातो, तिथंच मरतो, आणि रघू मोकळा सुटतो. लायकच्या अख्ख्या आयुष्यातली ही एकच देण्याची गोष्ट आहे हे मलाही मान्य. लायकची मैत्रीण झिमली रघूला सांगते तसं, त्यानं रघूला दुसरं आयुष्य दिलं. पण कुणाच्या खिशातून दिलं? तुम्ही बत्तीस वर्षं कोर्टात रेकॉर्ड सांभाळलंत. एक पान इकडचं तिकडं झालं तर रात्री जेवण जायचं नाही तुम्हाला. विचार करा, कोकोच्या फाइलवर कायमचं खोटं नाव आलं. तिला कुणी मारलं हे सरकारदरबारी कधीच कळणार नाही. लायकचा चांगुलपणा खरा आहे, आणि त्या चांगुलपणानं एका निरपराध बाईला उरलासुरला न्यायही मिळू दिला नाही. ह्या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, आणि एकीनं दुसरी पुसली जात नाही. मला हा सिनेमा मोठा वाटतो तो यासाठी.

त्यात खोट नाही असं नाही. कोको, झिमली, सुरुवातीला मेलेली ती मीशा, सगळ्यांची सुखदुःखं पुरुषांच्या हिशेबात मांडली जातात. कोकोला स्वतःचं असं काही बोलायला फार कमी मिळतं. राधिका आपटेनं तेवढ्यात जे केलंय ते केलंय, तिचा घाबरलेला चेहरा मला अजून दिसतो. पण दिग्दर्शक तिच्या बाजूला आणखी थोडा वेळ थांबला असता तर बरं झालं असतं. रघूच्या दुःखाला त्यानं किती वेळ दिला! तिच्या घरी कुणी वाट बघणारं होतं का, आई होती का, एवढं तरी. आईला तेच खटकलं असणार. तिचं गणित नेहमी मागं कोण राहिलं यावरून सुरू होतं. वाड्यात चोरी झाली होती तेव्हा पकडलेल्या पोराच्या आईला हिनंच चहा करून दिला होता. सगळा वाडा हिच्यावर नाराज, आणि ही म्हणे, “चोरी पोरानं केली, बाईला सकाळपासून घोटभर पाणी नाही.”

तर बाबा, असला सिनेमा काढायचा कशाला, याचं माझं उत्तर हे. माझं दुःख मोठं म्हणून मला सगळं माफ, असं आपल्या प्रत्येकाच्या मनात कधी ना कधी येतं. मोठी भांडणं असोत, भावकीतली जमीन असो, नाहीतर दंगल. ते मनात येतं तेव्हा अन्याय झालेला माणूस आणि अन्याय करणारा माणूस एकाच कातडीत असतात. ते मला कुणीतरी दोन-अडीच तास, न पळता, तोंडावर दाखवावं असं वाटतं. बघून माणसावरचा विश्वास उडतो, म्हणालात. माझा नाही उडाला. मी रघूला माफ करायला किती उतावीळ होते, ते मला दिसलं.

एक कायद्याचं विचारायचंय आणि त्याचं उत्तर तुम्ही पत्रानंच द्या, फोनवर नको. लायकसारखा कबुलीजबाब कुणी दिला, मॅजिस्ट्रेटनं ‘तुझ्यावर सक्ती नाही, हे तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल’ असं बजावून, विचार करायला वेळ देऊन तो नोंदवला, तरी नुसत्या त्यावर शिक्षा होते का? की बाकीचा पुरावा जुळावाच लागतो? आणि तुमच्या कारकिर्दीत दुसऱ्याचं पाप असं अंगावर घेतलेला कुणी तुम्ही बघितला का? नाव लिहू नका, नुसतं काय झालं ते लिहा. आईला जवळ बसवून लिहा, म्हणजे ती मध्ये मध्ये विचारेल आणि तुम्हाला काही गाळता येणार नाही.

डोळ्यांचे थेंब दोन्ही वेळा घालताय ना? आई, शेंगाचटणी संपत आलीय, गड्ड्याच्या जत्रेला येते तेव्हा नेईन, पार्सल करायच्या भानगडीत पडू नकोस.

तुमची,
मनू